दुसरा तांडेल

सोरसाय, ३ मार्च २००३

लॅकी,

हे पत्र तूच घेऊन जाणार आहेस. टपालाची पिशवी मी धक्क्यावर दोर सांभाळणाऱ्या मोरागच्या हातात देते, मोराग ती बोटीवर ठेवते, तू ती समोरच्या आर्डवॉर्न बंदरात उतरवतोस, आणि मग पोस्टमन हे पाकीट तुझ्याच खोलीच्या दाराखालून आत सरकवतो. चाळीस मिनिटांचं पाणी ओलांडायला एवढा द्राविडी प्राणायाम. पण तू फोन उचलत नाहीस, आणि मी धक्क्यावर आले की तू सुकाणूच्या केबिनमधून बाहेर येत नाहीस. दुसरा मार्ग मला सुचला नाही.

निकाल लागून तीन आठवडे झाले. तेव्हापासून तू बोट तिकडेच बांधतोस आणि तिकडेच राहतोस. लोकांना वाटतं वाऱ्यामुळे. मीही तसंच सांगते.

कामाचं आधी सांगते. डिझेलच्या पंपाची जाळी शुक्रवारी येतेय, ती ताब्यात घे. बुधवारी दुसऱ्या फेरीला नर्सबाई येणार आहेत, म्हातारीच्या घरी इंजेक्शन आहे, तेव्हा त्यांच्यासाठी पाच-दहा मिनिटं थांब. मेंढ्यांची गाडी पुढच्या सोमवारी.

आता दुसरं. तुझ्या मनात आहे की बहिणीनेच तुला अडवलं. मी अर्ज केला, हे खरं. सैन्याच्या कचेरीतला अधिकारी ‘नाही’ म्हणाला, तेव्हा मी वर अपील केलं, हेही खरं. पाच दिवसांची मुदत होती, मी चौथ्या दिवशी कागद पाठवले. पण बोट माझ्या नावावर आहे, आणि मालकाला तो हक्क कायद्यानेच दिलाय. राखीव सैनिकाला बोलावणं आलं की त्यालाही दाद मागता येते आणि त्याला कामावर ठेवणाऱ्यालाही. तीन माणसांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्या तिघांनी ठरवलं. तुझं जाणं त्यांनी सहा महिने पुढे ढकललं, रद्द नाही केलं. या बेटावर त्रेसष्ट माणसं आहेत. बोट बंद झाली तर दूध नाही, औषध नाही, पोरांची शाळा नाही. यात मी खोटं काय बोलले, ते मला सांग.

तुझे लोकरी मोजे इथे राहिलेत. पिशवीत घातलेत.

इशबेल


सोरसाय, २७ मार्च

लॅकी,

मोजे परत आले. मोरागने पिशवी माझ्यापुढे धरली फक्त.

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला, दुकानातला टीव्ही बंदच होत नाही. काल वाळवंटातलं ते बंदर दाखवत होते, जहाजांची रांग लागलेली. तुमची बंदर-तुकडी तिथेच असणार, असं जीन म्हणाली. तिचा मुलगा डूगी तिथे आहे. तुझ्या जागी त्याला बोलावणं गेलं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल मला कुणी काही बोलत नाही. जीनसुद्धा. ती मला पाव देते, सुटे परत करते आणि टीव्हीकडे बघते.

त्या दिवसाबद्दल मी पुन्हा पुन्हा विचार करते. तू शेजारीच बसला होतास, पण तुला कसं दिसलं ते मला ठाऊक नाही. माझ्या बाजूने सांगते.

न्यायाधिकरण म्हटल्यावर मी काळे झगे आणि उंच खुर्च्या डोळ्यांपुढे आणल्या होत्या. निघालं ओबानच्या हॉटेलातलं लग्नाचं सभागृह. शनिवारच्या लग्नाच्या कागदी घंटा अजून छताला लटकत होत्या. एका टेबलामागे तिघं. मध्ये पेट्रीबाई, त्या वकील. त्यांच्या एका हाताला निवृत्त कर्नल, दुसऱ्या हाताला ते लोकरीच्या गिरणीचे माजी व्यवस्थापक, ज्यांचं नाक सारखं गळत होतं. समोर एका बाजूला आपण दोघं, दुसऱ्या बाजूला सैन्याचा तो तरुण कॅप्टन. त्याच्याकडे फाईल होती, माझ्याकडे पिशवीत बोटीचं वेळापत्रक आणि नर्सबाईंचं पत्र. पेट्रीबाई म्हणाल्या, “इथे कुणी उभं राहायची गरज नाही. बसूनच बोला. कळलं नाही तर विचारा.” मला त्यांचा धीर वाटला. त्यामुळेच पुढचं जास्त कठीण गेलं.

कॅप्टन म्हणाला, “बेटाची अडचण आम्हाला कळते. पण छोट्या बोटी चालवणारी माणसं आमच्याकडे मोजकीच आहेत. प्रत्येक मालकाला आपला माणूस मोलाचाच असतो.” बोलला ते बरोबरच होतं. मग गिरणीवाल्यांनी मला विचारलं की जाहिरात दिली का, समोरच्या बंदरात चौकशी केली का. केली होती, ते मी सांगितलं. मग पेट्रीबाईंनी चष्मा काढला.

“मिस मॅकक्वारी, या पाण्यात ही बोट चालवायचा परवाना असलेला दुसरा कुणी तांडेल तुमच्या माहितीत आहे?”

मी म्हणाले, “नाही.”

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. “मिस्टर मॅकक्वारी, तुम्हाला यात काही भर घालायची आहे?”

तू बुटांकडे बघत होतास. म्हणालास, “नाही.”

ते दोन ‘नाही’ मी रोज ऐकते. तुझा ‘नाही’ कशासाठी होता, ते मी स्वतःला विचारत नाही.

इशबेल


सोरसाय, २१ मे

लॅकी,

तुला कळलं असेलच. कळलं नसेल म्हणून लिहिते.

डूगीचा उजवा हात गेला. पूर्ण नाही, पण पंजा कामाचा राहिला नाही. गोळी नाही, बॉम्ब नाही. जहाज बांधायचा तारेचा दोर ताणाखाली तुटला आणि उलटा आला. हे आपल्या धक्क्यावरही झालं असतं, असं जीन म्हणाली. मी मान हलवली. आपल्या धक्क्यावर एवढा जाड दोर कधी आलेला नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिने काउंटर पुसला, मग पुन्हा पुसला.

“खेकड्यांचे पिंजरे एका हाताने कसे ओढायचे गं, इशबेल?” तिने विचारलं.

“त्याला शिकवतील काहीतरी,” मी म्हटलं. “हल्ली बरंच काही शिकवतात.”

“हो. शिकवतील.” मग ती म्हणाली, “तुझ्या लॅकीला सांग, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. कुणीतरी जायचंच होतं.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या. मी ओटकेक समजून एक पुडा उचलला आणि निघाले. घरी आल्यावर पाहिलं तर बिस्किटं आणली होती.

त्या दिवशी संध्याकाळची फेरी तू वीस मिनिटं उशिरा आणलीस. तू कधी उशीर करत नाहीस. मी वरून, गोठ्यामागून बघत होते. धक्क्याला लागण्याआधी बोट खाडीच्या तोंडाशी नुसती थांबलेली होती. समुद्र तर तळ्यासारखा होता.

तू डूगीला लिहिलंस का? मी तीनदा बसले. ‘प्रिय डूगी’च्या पुढे गेले नाही.

इशबेल


सोरसाय, ८ जून

लॅकी,

आज रविवार, बोट नाही, म्हणून हे सावकाश लिहिते आहे. या पत्राबरोबर दुसरं एक पाकीट आहे. ते आत्ता उघडू नकोस. आधी हे वाच.

काल मी वरच्या घरी, हेक्टरकडे गेले. फेब्रुवारीपासून ते रविवारच्या चहाला येत नव्हते. मीही बोलावत नव्हते. लोकांना मी सांगितलं की त्यांचे गुडघे दुखतात. दारात उभी राहिले तर ते माझ्यापुढून गोठ्याची बादली घेऊन धडधाकट चढून गेले. सत्तरीचे आहेत, पण माझ्याआधी वर पोचले.

म्हणाले, “आलीस तर. चहा तूच कर, माझे हात शेणाचे आहेत.”

चहा झाला. मग मी म्हटलं, “हेक्टर, जानेवारीत तुम्ही मला काय म्हणाला होता ते आठवतं?”

“मला सगळं आठवतं. त्याचाच तर त्रास आहे.”

तुला ते शब्द माहीत आहेत, कारण तू तेव्हा चुलीपाशी बूट वाळवत बसला होतास. तुझी नोटीस आली त्याच आठवड्यात ते आपल्या टेबलाशी म्हणाले होते, “माझा परवाना पुढच्या वर्षीपर्यंत आहे, डॉक्टरांचा शेराही आहे. लॅकी परत येईपर्यंत मी बोट सांभाळतो. मलाही बरं वाटेल, नुसत्या मेंढ्यांशी बोलून जीव आंबलाय.” मी म्हटलं होतं, बघू. मग तू बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हटलं, “हे कुणाजवळ बोलू नका.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घालून निघून गेले. ही शेवटची गोष्ट तुला माहीत नसेल.

म्हणजे दुसरा तांडेल होता. माझ्या टेबलाशी बसून त्याने चहा प्याला होता. आणि तुला ते ठाऊक होतं. पेट्रीबाईंनी विचारलं तेव्हा खरं सांगायचं म्हणजे बहिणीला तिघांसमोर खोटारडी ठरवायचं होतं, आणि तू बुटांकडे बघितलंस. मी तुला त्या जागी नेऊन बसवलं. अर्ज करण्याबद्दल मला वाईट वाटत नाही. याबद्दल वाटतं.

का केलं, तेही लिहिते. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी एकवीस. बाबा गेले, बोट माझ्या नावावर आली, तेव्हा तू पंधरा. तुला पोहायला मी शिकवलं, सुकाणू मी हातात दिलं. मग ते बोलावणं आलं. त्या अर्जात किती रकाने होते, लॅकी. धंद्याचं नुकसान, लोकांच्या सेवेचं नुकसान, माणूस मिळण्याची अडचण. पोटात गोळा आलाय, झोप येत नाही, असा रकाना नव्हता. मग मी तो गोळा नुकसानीच्या रकान्यात लिहिला.

आता दुसरं पाकीट. ते न्यायाधिकरणाच्या सचिवांच्या नावे आहे. त्यात मी हेक्टरबद्दल सगळं लिहिलंय. निकालाच्या कागदावर खाली होतं की परिस्थितीत बदल झाला तर कळवावं. परिस्थिती बदललेली नाही, ती पहिल्यापासून अशीच होती, असं लिहिलं. पाकीट चिकटवलेलं नाही. वाच. ते पुढे गेलं तर तुझी सवलत जाईल, आणि तुला जावं लागेल. माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. खोटं सांगण्याला शिक्षा आहे, तेही त्याच कागदावर होतं.

हे तुझ्या डोक्यावरून परस्पर पाठवायचं नाही, एवढं मी ठरवलं. एकदा तसं केलं, पुरे. नको असेल तर आर्डवॉर्नच्या धक्क्यावरून पाण्यात टाक. मी विचारणार नाही.

इशबेल


सोरसाय, १ जुलै

लॅकी,

तू ते नेलंस.

सचिवांचं उत्तर आज आलं. चार ओळी, अगदी सभ्य. प्रकरण पुन्हा ऐकतील, १७ जुलैला, त्याच हॉटेलात. तुलाही तसाच कागद आला असेल. हेक्टरना साक्षीला बोलावलंय. ते सकाळपासून कोट उन्हात टाकून बसलेत. कसरीने बाहीला भोक पाडलंय, म्हणून मी ते रफू करतेय.

आर्डवॉर्नच्या एका वकिलाला मी फोन केला. तो म्हणाला, “बाई, हे लिहायच्या आधी मला का नाही विचारलंत?” मी म्हटलं, “तुम्ही नको म्हणाला असता.” तो म्हणाला, “अर्थातच.”

पाकिटाला वरून तू तिकीट लावलंस, हे मोरागने सांगितलं. मी विसरले होते.

इशबेल


सोरसाय, २० जुलै

लॅकी,

तू सुनावणीनंतर बोटीवरून उतरलास, घरी आलास, जेवलास आणि पुन्हा समोर गेलास. सोमवारी पुन्हा येशील असं म्हणालास. तोंडाने बोलता येतं आता, तरी हे लिहिते. समोर बसून मला हे जमणार नाही. आणि त्या खोलीत माझे कान इतके वाजत होते की काय ऐकलं याची मलाच खात्री नाही. चुकलं असेल तर सोमवारी सांग.

या वेळी छताला काही लटकत नव्हतं. गिरणीवाल्यांचं नाक बरं झालं होतं. पेट्रीबाईंनी आधी माझं पत्र मोठ्याने वाचलं, सावकाश, आणि विचारलं, “हे तुम्ही स्वतः लिहिलंत? कुणी सांगितलं म्हणून नाही?”

“स्वतः.”

“फेब्रुवारीत मी तुम्हाला सरळ प्रश्न विचारला होता.”

“हो.”

“आमच्याकडे तपास करायला पोलीस नाहीत, मिस मॅकक्वारी. दोन तास असतात आणि समोरच्याचा शब्द असतो. तुमच्या शब्दावर आम्ही एका माणसाला थांबवलं. सैन्याने दुसऱ्याला पाठवलं.”

“त्याचं नाव डूगी बीटन,” मी म्हटलं. ते कुणी विचारलं नव्हतं, पण मला वाटलं, खोलीत ते नाव एकदा उच्चारलं जावं.

मग हेक्टर. कर्नलनी विचारलं, “तुम्ही तेव्हा पुढे का आला नाहीत?”

हेक्टर म्हणाले, “साहेब, मी त्या घरी पन्नास वर्षं चहा पितो. घरातल्या बाईने गप्प बसायला सांगितलं तर मी गप्प बसतो. चुकलंच. पण या वयात तरी शिकतोय.” कर्नल हसले नाहीत, पण लिहिताना त्यांचं पेन थोडं थांबलं.

मग तुझी पाळी. माझा अंदाज होता की तू म्हणशील, बहिणीसाठी गप्प बसलो. मी त्याचीच तयारी करून गेले होते. मी क्षमा मागणार होते, वाक्यसुद्धा ठरलं होतं.

पेट्रीबाई म्हणाल्या, “तुम्हाला हेक्टर यांच्याबद्दल माहीत होतं?”

“होतं.”

“बहिणीला अडचणीत आणायचं नव्हतं म्हणून बोलला नाहीत?”

तू बुटांवरून नजर वर केलीस. मग म्हणालास, “तसं म्हणालो तर बरं दिसेल. पण तसं नाही. मला जायचं नव्हतं.”

तू पुढे बोललास. “बारा वर्षं मी राखीव दलात आहे. दर उन्हाळ्यात पंधरा दिवस कवायत, बोटी, दंगामस्ती. नोटीस आली आणि माझे पाय गार पडले. मी कुणाला सांगितलं नाही. इशबेल ‘नाही’ म्हणाली तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. सभागृहाबाहेर आलो तर शीळ वाजवत होतो. मग डूगीचा फोन आला. म्हणाला, तुझ्याऐवजी मला नेतायत, तुझा तो चांगला चाकू दे. मी दिला.”

कॅप्टनने खाली पाहिलं. तो पोरगाच आहे, पण या वेळी मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटला.

“आणि आता तुम्हाला जायचंय?” पेट्रीबाईंनी विचारलं.

“आताही नाही,” तू म्हणालास. “पण पाळी माझी आहे.”

आपल्याला बाहेर बसवलं. पस्तीस मिनिटं. आपण तिघं त्या गुलाबी सोफ्यावर ओळीने, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. हेक्टरनी खिशातून कागदात गुंडाळलेलं चीज काढलं आणि मधोमध ठेवलं. तू खाल्लंस. मी खाल्लं नाही, पण तुला खाताना पाहिलं.

निकाल तुला ठाऊक आहे. सवलत त्या दिवसापासून रद्द. तुला पुढच्या तुकडीबरोबर शरदात बोलावतील. माझ्याबद्दल पेट्रीबाई म्हणाल्या की खोटं विधान गंभीर आहे, आणि ते पुढे पाठवायचं की नाही हे त्या लेखी कळवतील. मग फाईल मिटून म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत आपल्याच विरुद्ध अपील करायला आलेला मालक मी पाहिला नव्हता.” ते रागाने म्हणाल्या की कसं, मला कळलं नाही. तुला कळलं असेल तर सांग.

परतीच्या बोटीवर हेक्टर सुकाणूला होते आणि तू माझ्याशेजारी बाकावर. तू म्हणालास, “मी तुझ्यावर रागावलो नव्हतो, इशी. तुला तोंड दाखवायला जमत नव्हतं.” पाच महिने मी तुझ्या गप्प बसण्याचे सगळे अर्थ लावले. हा एक लावला नाही. लहानपणापासून तू कशालाच घाबरत नाहीस, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुलाही. तुला मग कुणाकडे जाऊन सांगता आलं असतं?

सोमवारी मटणाचा रस्सा करते.

इशी


सोरसाय, ३० नोव्हेंबर २००३

लॅकी,

तुझं निळं पत्र गुरुवारी आलं. सैन्याची ही पत्रं फुकट जातात म्हणे, म्हणून मी चार घड्यांचा कागद कोपऱ्यापर्यंत भरते आहे.

आधी बातम्या. पेट्रीबाईंचा लेखी निकाल सप्टेंबरमध्येच आला होता, तू प्रशिक्षणात होतास म्हणून कळवला नाही. सहा पानं आहेत. पाचव्या पानावर लिहिलंय की मालकाने स्वतःहून, स्वतःचा तोटा पत्करून खरं सांगितलं, सबब प्रकरण पुढे पाठवण्याचं कारण दिसत नाही. पण त्याच्या वरच्या परिच्छेदात माझं वागणं जे आहे ते लिहिलंय, नाव घालून. मी तो कागद जीनला वाचायला दिला. तिने दुकान बंद केलं, मला आत नेलं, सहाच्या सहा पानं वाचली. म्हणाली, “बरं झालं दाखवलंस. मला हे दुसऱ्याकडून कळलं असतं तर मी तुझ्याशी बोलले नसते.” मग आम्ही दोघी काही वेळ तिच्या पोत्यांवर बसलो. ती अजून बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते.

डूगी डाव्या हाताने पिंजरे ओढायला बघतो आणि जगातल्या सगळ्या देवांना नावं ठेवतो. सैन्याने त्याला एक यंत्र द्यायचं कबूल केलंय, दोर गुंडाळायचं. तू गेलास त्या सकाळी तो तुला बाजूला घेऊन काय म्हणाला, ते तू मला सांगितलं नाहीस. मीही त्याला विचारलं नाही. तुम्ही दोघंही हसत होतात, एवढं दिसलं.

आता खरी बातमी. हेक्टरना फ्लू झाला. दहा दिवस बोट बंद होती. म्हणजे फेब्रुवारीत मी त्या सभागृहात जे जे नुकसान सांगितलं होतं ते सगळं झालं. दूध संपलं, मग पावडर संपली. पोरं शाळेला गेली नाहीत, त्यांना ते आवडलं. मेंढ्यांचा बाजार चुकला. नर्सबाईंना हेलिकॉप्टरने आणावं लागलं, आणि ते मोरागच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरलं. शेवटी शेजारच्या बेटावरच्या बाईने आपली बोट दिली दोन दिवस. लोकांनी कुरकुर केली, तीही माझ्या दारात उभं राहून. पण कुणी बुडालं नाही, कुणी मेलं नाही. हेक्टर काल पुन्हा सुकाणूला उभे राहिले, गळ्याभोवती माझी शाल गुंडाळून. मी बोटमास्टरच्या परवान्याचा अर्ज केलाय. त्रेपन्नाव्या वर्षी. परीक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल आणि मला होकायंत्र कुठे असतं ते विचारेल. हसू नकोस.

तुझं पत्र मी दुकानातच उघडलं, थांबवेना म्हणून. तू लिहिलंस की बंदरात ऊन वितळल्यासारखं आहे, चहात वाळू येते, तुला एक छोटी टग बोट दिलीय आणि तिचं इंजिन आपल्या ‘सुला’ बोटीच्या इंजिनापेक्षा हट्टी आहे. मग खाली, वेगळ्या शाईने, लिहिलंस: ‘इशी, मला इथे रोज सकाळी भीती वाटते. धक्क्यावर पाय ठेवला की जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. इतरांनाही वाटते, ते सांगतात. तुला सांगून ठेवतो.’

मी ते वाचून तिथेच खोक्यावर बसले. जीनने विचारलं, “बरा आहे ना तो?” मी म्हटलं, “बरा आहे.” ते खरंच होतं, त्यामुळे म्हणायला सोपं गेलं.

लॅकी, मलाही भीती वाटते. तुझी नोटीस आली त्या दिवसापासून वाटते, आणि ती तेव्हा तुला न सांगता मी कचेऱ्यांना सांगत फिरले, वेगवेगळ्या नावांनी. सकाळी उठते तेव्हा सगळ्यात जास्त वाटते, तुझ्यासारखीच. तुमच्याकडे घड्याळ तेव्हा तीन तासांनी पुढे असतं, म्हणजे तुझी तोवर गेलेली असते. आता मला ते ठाऊक आहे, तर मी चूल पेटवताना तेवढं मनाशी म्हणते, की लॅकीची गेली असेल.

इशी